आठ आठवड्यांचे डेक्सामेथासोन: अत्यवस्थ क्षयजन्य मेंदूज्वरातील एका उपचाराचे परीक्षण

डेक्सामेथासोन या स्टिरॉइडच्या कुपीबद्दल तक्रार करण्यासारखे काही नाही. पाण्यासारखे स्वच्छ द्रावण, बहुतेक ठिकाणी दर मिलिलिटरला ४ मिलिग्रॅम, सलाईनमध्ये चटकन मिसळणारे आणि फ्रिजची अट न घालणारे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत डेक्सामेथासोन आहे आणि अतिदक्षता विभागाच्या औषधांच्या कपाटात ते नाही, असे सहसा घडत नाही. एकच सूचना सुरुवातीलाच करून ठेवतो: शुद्धीवर असलेल्या रुग्णाला ते शिरेतून एका दमात ढकलले, तर काही क्षण गुप्तांगाच्या आसपास विलक्षण जळजळ होते, आणि ज्याला आधी सांगितलेले नसते तो रुग्ण घाबरून अक्षरशः उठून बसतो. सलाईनच्या छोट्या बाटलीत घालून पंधरा-वीस मिनिटांत सोडले की ही तक्रार राहत नाही. बेशुद्ध रुग्ण तक्रार करीत नाही, एवढ्यावरून त्याला एका दमात द्यावे असे मात्र नाही.

परीक्षण कुपीचे नाही, उपचाराचे आहे. क्षयजन्य मेंदूज्वर झालेला प्रौढ रुग्ण बेशुद्धीत, बहुधा व्हेंटिलेटरवर, अतिदक्षता विभागात दाखल होतो. त्याला क्षयाच्या औषधांच्या जोडीने सहा ते आठ आठवडे स्टिरॉइड द्यायचे, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. अशा रुग्णांच्या खाटेशी बरीच वर्षे उभा राहिल्यानंतर या उपचाराविषयी माझे जे मत झाले आहे ते लिहितो. कुणाचे औषध बदलण्यासाठी किंवा थांबवण्यासाठी या मजकुराचा आधार घेऊ नये. तो निर्णय रुग्ण समोर असलेल्या डॉक्टरांचाच आहे.

या आजारात स्टिरॉइड कशासाठी, हे समजले नाही तर त्याच्याकडून भलत्याच अपेक्षा ठेवल्या जातात. क्षयाचे जंतू मेंदूच्या आवरणांत शिरले की मेंदूच्या तळाशी एक दाट, चिकट स्राव साचतो. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या धमन्या आणि डोळ्यांच्या व चेहऱ्याच्या हालचाली सांभाळणाऱ्या नसा याच भागातून जातात. धमन्यांना सूज येऊन त्या अरुंद होतात आणि मेंदूचा एखादा भाग रक्ताविना मरतो. दुसरीकडे मेंदूतल्या पाण्याची वाट अडते, पोकळ्या फुगतात आणि कवटीच्या बंद पेटीत दाब चढत जातो. आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि त्यांची साथीदार औषधे जंतू मारतात, पण मेलेल्या जंतूंचे अवशेषही शरीराला चिथावत राहतात. म्हणजे रुग्णाचा जीव धोक्यात येतो तो बऱ्याच अंशी स्वतःच्याच शरीराच्या प्रतिकारामुळे, आणि स्टिरॉइड द्यायचे ते हा प्रतिकार आवाक्यात ठेवण्यासाठी.

हा तर्क जुना आहे. क्षयाची पहिली प्रभावी औषधे आली त्यानंतर थोड्याच वर्षांत स्टिरॉइडही वापरात आले, आणि पुढची अनेक दशके छोट्या छोट्या अभ्यासांच्या जोरावर डॉक्टर एकमेकांशी वाद घालत राहिले. वाद बऱ्याच अंशी मिटला तो २००४ साली, व्हिएतनाममधील ५४५ रुग्णांच्या चाचणीने. चौदा वर्षांवरील रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत विभागले गेले. एका गटाला डेक्सामेथासोन, दुसऱ्याला तसेच दिसणारे निष्क्रिय द्रावण. नऊ महिन्यांच्या अखेरीस डेक्सामेथासोनच्या गटातील ३१.८ टक्के, तर दुसऱ्या गटातील ४१.३ टक्के रुग्ण दगावले होते. शंभर रुग्णांमागे नऊ-दहा जीव. अतिदक्षता विभागातल्या फारच थोड्या औषधांच्या खात्यावर इतकी जमा आहे. २०१६ साली नऊ चाचण्यांतील १३३७ रुग्णांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला; त्यातही मृत्यूचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने घटलेले आढळले.

२००४ च्या चाचणीतली दुसरी बाब मला नेहमी अधिक बोलकी वाटत आली आहे. स्टिरॉइड म्हटले की दुष्परिणामांची धास्ती असते, पण गंभीर स्वरूपाचे अनिष्ट परिणाम डेक्सामेथासोनच्या गटात कमी निघाले: ९.५ टक्के, विरुद्ध १६.६ टक्के. निष्क्रिय द्रावणाच्या गटात आठ जणांना यकृताचा गंभीर दाह झाला, त्यातील एक दगावला. डेक्सामेथासोनच्या गटात असा एकही नव्हता. क्षयाच्या औषधांनी यकृत बिघडले की औषधे थांबवावी लागतात, आणि मेंदूच्या क्षयात औषधे थांबणे म्हणजे पेटत्या घरातून बंब माघारी पाठवणे. स्टिरॉइडने जीव वाचवले त्यात मेंदूच्या सुजेचा वाटा किती आणि क्षयाची औषधे अखंड चालू राहिली याचा किती, हा प्रश्न म्हणूनच मला गौण वाटत नाही.

आता उणी बाजू. वाचलेल्या रुग्णांपैकी किती जण आपल्या पायांवर उभे राहून घरी गेले, या कसोटीवर हे औषध निराश करते. २००४ च्या चाचणीत वाचलेल्यांमधील तीव्र अपंगत्वाचे प्रमाण कमी झाले नाही. एकत्रित आढाव्यातही अपंगत्वावर फारसा परिणाम दिसला नाही. नातेवाइकांशी बोलताना हे सांगणे फार जड जाते. व्हेंटिलेटर निघाला, डोळे उघडले, पण उजवा हात उचलत नाही, शब्द सापडत नाहीत, असा रुग्ण जेव्हा खुर्चीत बसवला जातो तेव्हा नातेवाइकांना वाटते की औषधाचा जोर कमी पडला. तसे ते नसते. मेंदूचा जो भाग दाखल होण्याच्या आधीच रक्ताविना मेला, तो कुठल्याही डोसने परत येत नाही. ज्या धमन्या अजून बंद व्हायच्या आहेत त्यांच्याबाबतच काही करता येते, आणि म्हणून औषध सुरू करण्याची वेळ महत्त्वाची. पाठीतले पाणी तपासणीला गेले, त्यात लिम्फोसाइट पेशी वाढलेल्या, प्रथिने वाढलेली आणि साखर उतरलेली दिसली, रुग्णाची हकीकत जुळली, की क्षयाची औषधे आणि स्टिरॉइड बरोबरीनेच सुरू व्हावे. जंतूची प्रयोगशाळेतून खात्री होईपर्यंत थांबणे मला कधीच पटलेले नाही.

मात्र निदान कच्चे असताना एक सापळा असतो, आणि त्यात मी स्वतः अडकलो आहे. स्टिरॉइड दिले, तीन दिवसांत रुग्ण टवटवीत झाला, म्हणून क्षयच होता असे समजून आम्ही निर्धास्त झालो. मेंदूतील लिम्फोमा हा कर्करोगही स्टिरॉइडने आकसतो आणि काही काळ बरे वाटते. पुढे तुकडा काढून तपासायला गेले तर हाती काही लागत नाही. त्यामुळे स्टिरॉइडने सुधारणा झाली, ही गोष्ट निदानाचा पुरावा म्हणून मी आता मोजत नाही.

अत्यवस्थ रुग्णांच्या बाबतीत पुरावा थोडा पातळ होतो, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलने घालून दिलेल्या तीन श्रेणी आजही वापरात आहेत: पूर्ण शुद्धीत आणि नसांची कोणतीही उणीव नाही ती पहिली, शुद्धी मोजणाऱ्या ग्लासगो मापनात ११ ते १४ गुण किंवा पूर्ण शुद्धीत असूनही एखादा अवयव लुळा असेल ती दुसरी, आणि १० किंवा त्याहून कमी गुण असलेली तिसरी. व्हिएतनामच्या चाचणीत तिन्ही श्रेणींचे रुग्ण होते. पण तिसऱ्या श्रेणीतला रुग्ण आणि व्हेंटिलेटर, रक्तदाबाची औषधे, मेंदूतले पाणी बाहेर काढणारी नळी या सगळ्यांसह पडलेला रुग्ण यांत अंतर आहे. या दुसऱ्या प्रकारच्या रुग्णांविषयी फ्रान्समधील अतिदक्षता विभागांतील ९० जणांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. स्टिरॉइड मिळालेल्यांची वर्षभरानंतरची स्थिती त्यात अधिक चांगली होती. मात्र तो मागे वळून केलेला अभ्यास आहे. कोणाला स्टिरॉइड द्यायचे हे डॉक्टरांनी खाटेशी ठरवले होते, चिठ्ठी टाकून नव्हे. ज्याच्याविषयी आशा अधिक त्याला उपचारही अधिक, हा माणसाचा स्वभाव आकडेवारीत मिसळलेला असतो. तरीही माझा अनुभव या निष्कर्षाच्या बाजूचा आहे, आणि अत्यवस्थ रुग्णाला स्टिरॉइड नाकारण्याचे सबळ कारण मला आजवर दिसलेले नाही.

आता ज्या ठिकाणी हा उपचार खरोखर बिघडतो तिकडे वळतो. ते ठिकाण औषधात नसून कागदावर आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या श्रेणीच्या रुग्णासाठी पहिल्या आठवड्यात दर किलो वजनामागे रोज ०.४ मिलिग्रॅम, दुसऱ्यात ०.३, तिसऱ्यात ०.२, चौथ्यात ०.१, हे सगळे शिरेतून. त्यानंतर तोंडाने किंवा नाकातल्या नळीतून रोज ४ मिलिग्रॅम, आणि पुढे दर आठवड्याला १ मिलिग्रॅमने उतरत आठव्या आठवड्याअखेर बंद. ६० किलोच्या माणसाला पहिल्या दिवशी २४ मिलिग्रॅम म्हणजे ६ मिलिलिटर. मग १८, १२, ६, ४, ३, २, १ अशी उतरंड. आठ आठवड्यांची बेरीज ४९० मिलिग्रॅम होते. पहिल्या श्रेणीसाठी ०.३ पासून सुरुवात आणि एकूण सहा आठवडे.

कागदावर हे इतके सरळ दिसते, पण बेशुद्ध माणसाचे वजन कोण करतो? पलंगाचा काटा नसला तर अंदाज लिहिला जातो, आणि अंदाज बहुधा गोल आकड्यात असतो. महिनोन्महिने क्षयाने खंगलेला माणूस चादरीखाली ६० किलोचा वाटतो आणि काट्यावर ४४ चा निघतो. दुसरी चूक रूपांतराची. ०.७५ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन म्हणजे प्रेडनिसोलोन या दुसऱ्या स्टिरॉइडचे साधारण ५ मिलिग्रॅम. तेव्हा २४ मिलिग्रॅम डेक्सामेथासोनच्या जागी १६० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन यायला हवे. पाचव्या दिवशी कुणीतरी 'आता गोळीवर घेऊ' म्हणून सवयीचे ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन लिहिते, आणि रुग्णाचा डोस एका रेघेत चौथ्या हिश्श्यावर येतो. राउंडवरच्या कुणालाच ते खटकत नाही, कारण ४० हा आकडा ओळखीचा आहे.

तिसरी चूक सर्वांत वाईट. एका तिशीतल्या रुग्णाला आम्ही तीन आठवड्यांनी अतिदक्षता विभागातून बाहेर काढले. वॉर्डात नवा औषधांचा तक्ता लिहिला गेला. त्यात क्षयाची औषधे आली, फिटची औषधे आली, पित्ताची गोळीही आली, फक्त डेक्सामेथासोन उतरवून घ्यायचे राहिले. सहा दिवसांनी रुग्णाला पुन्हा ताप आणि डोकेदुखी, रक्तदाब खाली, उलट्या. नवा जंतुसंसर्ग समजून सगळ्या तपासण्या झाल्या. शेवटी एका सिस्टरने जुना आणि नवा तक्ता शेजारी शेजारी धरून विचारले, 'सर, हे इंजेक्शन तुम्ही बंद केलंत का?' कुणीच केले नव्हते. तीन आठवडे बाहेरून स्टिरॉइड मिळालेल्या शरीराची स्वतःची निर्मिती दबलेली असते. त्यावर मेंदूतली सूज पुन्हा उसळलेली. त्या दिवसापासून आठ आठवड्यांचे वेळापत्रक, प्रत्येक आठवड्याची तारीख आणि मिलिग्रॅमचा आकडा घालून, मी पहिल्याच दिवशी वेगळ्या कागदावर लिहितो आणि तो कागद केसपेपरच्या पहिल्या पानावर चिकटवतो.

उलट्या दिशेची अडचणही येते. एका रुग्णाच्या पत्नीने मला विचारले होते, 'डॉक्टरसाहेब, हे आता कुठे डोळे उघडायला लागलेत, आणि तुम्ही नेमकं तेच इंजेक्शन कमी करताय?' प्रश्न रास्त होता. उतरंड ही सुधारणेची शिक्षा नसून आधीपासून आखलेली वाट आहे, हे त्यांना पटवायला वेळ लागला. पण त्यांच्या शंकेत एक खरे बीज होते. काही रुग्णांत डोस उतरवताना मेंदूतल्या क्षयाच्या गाठी वाढतात किंवा नव्या दिसू लागतात, आणि क्षयाची औषधे नीट चालू असूनही प्रकृती खालावते. अशा वेळी औषधाला दाद न देणारा क्षय, चुकलेले डोस आणि दुसरे एखादे कारण तपासून, डोस एक-दोन पायऱ्या वर नेऊन अधिक सावकाश उतरावे लागते. वेळापत्रक पक्के असावे, पण ते चिकटवलेल्या कागदावर दुरुस्ती करायला जागा असावी.

अतिदक्षता विभागातल्या रोजच्या त्रासांपैकी रक्तातली साखर हा सर्वांत ठरलेला. मधुमेह नसलेल्या रुग्णाचीही साखर चढते. नाकातल्या नळीतून अन्न सुरू झाले की आणखी चढते, आणि दर काही तासांनी बोट टोचून इन्सुलिन जुळवत राहावे लागते. स्टिरॉइडचा डोस आठवड्याच्या ठरल्या दिवशी उतरला आणि इन्सुलिनचा तसाच राहिला, तर साखर धोकादायकरीत्या खाली जाते. बेशुद्ध माणसात ती कुणाच्या लक्षातही येत नाही. दुसरे, ताप दबतो. व्हेंटिलेटरमुळे झालेला न्यूमोनिया तापाशिवाय वाढत राहतो, म्हणून थर्मामीटरपेक्षा कफाचा रंग आणि प्राणवायूची वाढती गरज यांवर मी अधिक भरवसा ठेवतो. स्ट्राँगिलॉइड्स हा जंत आतड्यात असण्याची शक्यता असेल तर त्याचा उपचार आधी व्हायला हवा. स्टिरॉइडमुळे तो जंत अनावर होऊन जीव घेऊ शकतो. मांड्यांचे स्नायू ओघळतात आणि व्हेंटिलेटर काढणे लांबते. पित्ताच्या गोळीबद्दल वेगळे सांगायला नको.

सोडियमचा मुद्दा मात्र सांगायला हवा, कारण इथे गैरसमज फार. या आजारात सोडियम उतरणे नित्याचे, आणि 'स्टिरॉइड चालू आहे, मीठ धरून ठेवेल' असे अनेकांना वाटते. डेक्सामेथासोनमध्ये मीठ धरून ठेवण्याचा गुण जवळजवळ नसतोच. सोडियमचा बंदोबस्त स्वतंत्रच करावा लागतो.

रिफॅम्पिसिनशी त्याचे नाते वाकडे आहे. रिफॅम्पिसिन यकृताला स्टिरॉइड लवकर संपवायला लावते, त्यामुळे कागदावरचा डोस आणि रक्तातला डोस यांत फरक पडतो. वरची उतरंड रिफॅम्पिसिन घेणाऱ्या रुग्णांवरच तपासलेली असल्याने एरवी चिंता नको. पण यकृत बिघडून रिफॅम्पिसिन थांबवले, तर तोच स्टिरॉइडचा डोस पुढच्या दिवसांत हळूहळू जास्त लागू पडू लागतो, आणि साखर का चढते आहे हे कुणाला कळत नाही.

औषधाच्या कामाची पद्धत अजूनही पूर्ण उलगडलेली नाही, हे या परीक्षणातले मला सर्वांत रंजक वाटणारे प्रकरण. व्हिएतनामच्याच गटाने पाठीतल्या पाण्यातील दाहाचे घटक मोजले, तेव्हा डेक्सामेथासोनने ते मोजण्याइतके दबलेले आढळले नाहीत. नंतर थोड्या रुग्णांच्या एमआरआय चित्रांवरून असे सुचवले गेले की पोकळ्यांत साचणारे पाणी कमी करणे आणि मेंदूचे भाग मरण्यापासून वाचवणे, हे फायद्याचे मार्ग असावेत. पण पाणी आधीच भरपूर साचलेले असेल तर डेक्सामेथासोनवर विसंबून शस्त्रक्रिया लांबवणे हा अपराधच आहे. नळी घालण्यासाठी न्यूरोसर्जनला त्याच रात्री बोलवावे.

फायदा किती टिकतो? त्याच ५४५ रुग्णांचा पाच वर्षे पाठपुरावा झाला. दोन वर्षांअखेर जिवंत असलेल्यांचे प्रमाण ६३ विरुद्ध ५५ टक्के होते. पाचव्या वर्षी ५४ विरुद्ध ५१, म्हणजे फरक जवळपास पुसला गेला. टिकून राहण्याचा कल दिसला तो पहिल्या श्रेणीत. दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीत, म्हणजे माझ्या वाट्याला येणाऱ्या रुग्णांत, दिसला नाही. हे वाचून उत्साह ओसरतो. तरी पहिले नऊ महिने ओलांडणे म्हणजे काय, हे ज्या घरातला माणूस आत आहे त्या घराला विचारावे. खाटेला खिळलेला रुग्ण पुढच्या वर्षांत दगावतो तो बहुधा जखमा, न्यूमोनिया आणि दुर्लक्ष यांनी, आणि त्याचा दोष डेक्सामेथासोनच्या खात्यावर टाकता येत नाही.

एचआयव्ही असलेल्या रुग्णाच्या बाबतीत माझा हात आखडता आहे. व्हिएतनाम आणि इंडोनेशियातील अशा ५२० प्रौढांची चाचणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. वर्षभरात डेक्सामेथासोन गटातील ४४.१ टक्के आणि निष्क्रिय गटातील ४९ टक्के रुग्ण दगावले. फरक अनुकूल दिशेचा असला तरी तो योगायोगाचा नाही असे म्हणता आले नाही. हानीही वाढली नाही. अशा रुग्णाला मी आजही देतो, पण नातेवाइकांना शंभरात नऊ-दहांचा आकडा सांगत नाही. कुणाला अधिक फायदा होईल हे जनुकावरून ओळखण्याची आशा २०१२ साली निर्माण झाली होती. दाहाचे प्रमाण ठरवणाऱ्या एका जनुकाच्या प्रकारानुसार स्टिरॉइडचा लाभ बदलतो असे तेव्हा दिसले. पुढच्या अभ्यासांत ते सगळीकडे जुळले नाही, आणि रात्री दोन वाजता दाखल झालेल्या बेशुद्ध रुग्णासमोर उभे राहून जनुकाची वाट पाहता येत नाही. तेव्हा वजन करायचे, गुणिले ०.४, आणि कागद चिकटवायचा.